दिवेलागणीआधीचा सौदा

स्टुटगार्टच्या चढावरच्या त्या बिल्डिंगमध्ये मधुकररावांनी आल्या आल्या एक शत्रू करून ठेवला, आणि तोही जिना धुण्याच्या पायी.

मुलगा मयुरेश आणि सून मैथिली, दोघंही सकाळी उठून कामावर जायची. नात अन्वी शाळेत. तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेले मधुकरराव आणि शुभदाताई दिवसभर घरात. एका सोमवारी दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी लटकलेली दिसली. मैथिलीनं चपला घालता घालता सांगितलं, "बाबा, या आठवड्यात केअरवोखे आपल्याकडे आहे. म्हणजे जिना झाडायची पाळी. मी शनिवारी करते, तुम्ही काही करू नका हं."

आता निवृत्त माणसाला "काही करू नका" म्हणणं म्हणजे आमंत्रणच. मधुकररावांनी बाथरूममधली बादली भरली, तिसऱ्या मजल्यावरून ओतली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली, आणि झाडूनं पाणी खाली लोटत निघाले. पुण्याच्या सोसायटीत जिना असाच धुतात. पाणी खळाळत तळमजल्यावर गेलं आणि हेर, म्हणजे श्रीयुत, हेफेले नावाच्या गृहस्थांच्या दाराशी ठेवलेल्या बुटांना घेऊन पायपुसण्यावर थांबलं. दार उघडलं. हेफेले पंचाहत्तरीच्या आसपासचे, उंच, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मधुकररावांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी मात्र त्यांनी मयुरेशला जिन्यात गाठलं आणि जर्मनीत जिना ओल्या फडक्यानं पुसतात, धरणासारखा सोडत नाहीत, हे आवाज न चढवता बराच वेळ समजावून सांगितलं.

"बाबा, प्लीज," मयुरेश वर येऊन एवढंच म्हणाला.

त्यानंतर मधुकररावांच्या नमस्काराला हेफेले उत्तर देईनात. पुढच्या आठवड्यात अंगणात कचऱ्याच्या डब्यांपाशी दोघांची गाठ पडली. भाज्यांची सालं मधुकररावांनी प्लास्टिकच्या पिशवीसकट ओल्या कचऱ्यात टाकली होती. हेफेल्यांनी ती पिशवी दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि श्वेबिश या तिथल्या बोलीत सुरू झाले. मधुकररावांना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण सूर कळला. त्यांनी मराठीत उत्तर दिलं. एकाचा हात डब्याकडे, दुसऱ्याचा आभाळाकडे. एकानं पाच बोटं दाखवली, दुसऱ्यानं तळहात झटकला. पाव तास हे चाललं. शेवटी दोघंही दमले आणि आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात चाळिशीपुढची एक बाई उभी होती. आखूड केस, अंगात खिशांचा एप्रन, बोटं काळ्या शाईनं माखलेली.

"मी मीरा रायझमन. तळमजल्यावर मागच्या बाजूला माझा स्टुडिओ आहे," ती इंग्लिशमध्ये म्हणाली.

मीरा हे नाव ऐकून मधुकररावांना क्षणभर वाटलं, आपल्याकडचीच कोणीतरी. पण ती ओडेसाची निघाली, लहानपणी आईवडिलांबरोबर इथं आलेली.

"काल तुमचं आणि हेर हेफेल्यांचं भांडण झालं, ते मी खिडकीतून पाहिलं," ती म्हणाली.

मधुकररावांनी लगेच दिलगिरी व्यक्त करायला सुरुवात केली.

"माफी नको हो. मला फक्त विचारायचं होतं, तुम्ही दोघं पुन्हा एकदा तसंच भांडाल का? मला ते काढायचंय."

मधुकररावांना या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं, पण त्याहून जास्त आनंद झाला. टेलिफोन खात्यात नोकरी करताना त्यांनी आयुष्यभर हौशी नाटकांत कामं केली होती. राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी त्यांचं नाव असायचं, फक्त यादीच्या तळाशी. हवालदार, पोस्टमन, गर्दीतला एक माणूस. स्टेजवर यायचं, "साहेबांनी बोलावलंय" म्हणायचं आणि जायचं. कोणी आपणहून घरी येऊन "तुम्ही हवे आहात" म्हणाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते तसेच, घरच्या चपलांत, तिच्या मागून खाली गेले.

स्टुडिओत शाईचा आणि लाकडाच्या भुशाचा वास भरला होता. दोरीवर चिमट्यांनी चित्रं वाळत घातलेली. सगळी काळी-पांढरी, लाकडात कोरून छापलेली, होल्झश्निट म्हणतात ती. मधुकरराव एकेका चित्रासमोर थांबत गेले. बायका भल्यामोठ्या पाटावर बिनखमिराच्या पोळ्या लाटतायत आणि एकजण काट्याच्या फिरकीनं त्यांना भोकं पाडतेय. एक फेरीवाला पाठीवर स्वतःपेक्षा मोठं गाठोडं घेऊन बर्फातून टेकडी चढतोय. एका घराच्या माळ्यावर छपराची फळी दोऱ्यांनी उचलून धरलीय, त्या उघड्या जागेवर झाडाच्या फांद्या घातल्यात आणि त्याखाली सगळं कुटुंब जेवायला बसलंय. फांद्यांतून चांदण्या दिसतायत.

"हा मांडव आहे?" त्यांनी विचारलं.

"सुक्कोत नावाच्या सणाचा मांडव. अंगणात जागा नसली की लोक माळ्यावरच करायचे." मीरानं पुढचं चित्र सरळ केलं. "इथून तासाभरावर ब्यूलबाख नावाचं खेडं आहे. तिथं पूर्वी निम्मं गाव ज्यू होतं. गुरांचे व्यापारी, फेरीवाले, खाटीक, एक शिक्षक. तिथल्या फेराइननं, म्हणजे गावकऱ्यांच्या मंडळानं, जुनं सिनेगॉग दुरुस्त केलं आणि आता हे पुस्तक काढतायत. चित्रं माझी."

"आणि आता तिथं कोण राहतं?"

"ज्यू कोणी नाही. जे निसटले ते निसटले, उरलेल्यांना एक्केचाळीस-बेचाळीस साली नाझींनी नेलं. पुस्तकाच्या शेवटी तेही आहे." तिनं दोरीवरचा एक चिमटा सरळ केला. "पण बाकीची सगळी पानं ते लोक जगत होते त्याची आहेत. कामाची, सणांची, कटकटींची. ती मला नीट करायचीत. मी स्वतः ज्यू, पण शहरातली, माझ्या घरात खेडं कोणी पाहिलेलं नाही. शोधून शोधून काढावं लागतं."

सगळी चित्रं झाली होती, एकच उरलं होतं. गुरांचा व्यापारी आणि शेतकरी हातावर हात मारून सौदा पक्का करतायत, असं. मीरानं त्याच्या तीन फळ्या कोरून फुकट घालवल्या होत्या. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मधुकररावांनी पाहिलं, माणसं होती, गाय होती, पण हात मेलेले होते. फोटोसाठी उभं केल्यासारखे.

"काल तुमचे हात बघितले आणि मला वाटलं, हा बाजार आहे," मीरा म्हणाली.

मधुकररावांनी व्यापारी व्हायला होकार दिला. प्रश्न हेफेल्यांचा होता. मीरा त्यांच्याशी काय बोलली कोण जाणे, पण ठरलेल्या संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, आजोबांची काळी हॅट हातात घेऊन हजर झाले. मधुकररावांकडे न बघता खुर्चीवर बसले.

पहिल्या दोन बैठका वाया गेल्या. मीरानं भिंतीला मोठा आरसा लावला होता आणि ती त्यातच बघून काढत होती, कारण फळीवर जे डावं तेच कागदावर उजवं उमटतं. मधुकररावांनी वाकून पाहिलं तर ते स्वतः डाव्या हातानं व्यवहार करताना दिसले. "छापल्यावर सरळ होतं," मीरानं समजावलं. पण हात काही सरळ होईनात. हेफेल्यांचा हात दाराच्या कडीसारखा समोर यायचा आणि तिथंच राहायचा. मधुकरराव भूमिकेत शिरून मिशीला पीळ देत, डोळे वटारत, आणि मीरा हळूच म्हणे, "थोडं कमी."

तिसऱ्या वेळी मधुकररावांनी ठरवलं, आता बोलल्याशिवाय जमायचं नाही. शब्द समजोत न समजोत. त्यांनी मामाच्या गावचा बैलबाजार आठवला. तिथे व्यापारी एकमेकांचा हात उपरण्याखाली धरत आणि बोटं दाबून भाव सांगत, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला कळू नये. त्यांनी मीराचं शाईचं फडकं उचललं, हेफेल्यांच्या हातावर टाकलं आणि खालून पाचही बोटं दाबली.

"बोला, पाटील. गाय बघा, दूध बघा, चाल बघा. याच्या खाली एक बोटसुद्धा नाही," ते मराठीत म्हणाले.

हेफेल्यांनी भुवया वर केल्या. फडकं बाजूला फेकलं. इथं उघड्यावर चालतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मग त्यांनी मधुकररावांच्या पसरलेल्या पंजातली दोन बोटं एकेक करून दुमडली, तीन ठेवली आणि म्हणाले, "गिमल."

मीराची पेन्सिल थांबली. "काय म्हणालात?"

"गिमल. तीन." हेफेले तिच्याकडे वळले. "ओल्फ, बेस, गिमल, दोलेट, हे. गुरांचे आकडे आहेत. माझे आजोबा बाजारात असेच मोजायचे. तुम्ही शहरातले, तुम्हाला नाही कळायचं."

"हेर हेफेले, ही हिब्रू अक्षरं आहेत," मीरा म्हणाली. "अलेफ, बेत, गिमेल, दालेत, हे. ज्यू व्यापाऱ्यांचे आकडे."

हेफेल्यांनी हॅट काढली आणि आतल्या अस्तराकडे बघत राहिले. "आम्हाला वाटायचं, गुरांचीच भाषा आहे ती," ते म्हणाले. मग हॅट हातात फिरवत ते पुढे म्हणाले, "आमचं गाव ब्यूलबाखच्या पलीकडच्या खोऱ्यात. आमच्या घरी ते आकडे राहिले. ज्याच्याकडून आले त्याचं नाव मात्र कधी कोणी घेतलं नाही. मी युद्धानंतरचा. मीही विचारलं नाही."

मीरानं हे सगळं मधुकररावांना इंग्लिशमध्ये सांगितलं. एवढ्या मोठ्या गोष्टीवर आपण पाहुण्या माणसानं काय बोलायचं. नाटकात समोरचा वाक्य विसरून गप्प झाला की ते नेहमी एकच गोष्ट करायचे, आपलं वाक्य पुन्हा म्हणायचे. त्यांनी तेच केलं. हात पुन्हा पुढे केला आणि म्हणाले, "पाचाला काय म्हणालात? हे?"

"हे," हेफेले म्हणाले.

"आमची बायको मला 'हे' म्हणते," मधुकररावांनी मीराला सांगितलं. "म्हणजे माझी किंमत पाच झाली."

मीरानं त्याचं भाषांतर केलं. हेफेल्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यांनी हॅट डोक्यावर घातली, नीट दाबली आणि मधुकररावांच्या तळहातावर फाडकन हात मारला. "गिमल."

"हे."

"गिमल."

मग मात्र खरा बाजार सुरू झाला. हेफेले नसलेल्या गायीच्या भोवती फिरून आले, तिचे दात बघितले, मान हलवली. मधुकरराव तिची पाठ थोपटत तिच्या आईची, आजीची कीर्ती सांगू लागले. हात पुढे यायचे, टाळी बसायची, हात मागे जायचे. एक दोलेटला, म्हणजे चाराला, चढायला तयार नव्हता, दुसरा दोलेटपर्यंत उतरायला. मीराचे कागद भराभर जमिनीवर पडत होते.

वर वरण-भात निवत होता. शुभदाताईंनी एकदा जिन्यातून हाक मारली, दोनदा मारली. शेवटी हातात पळी तशीच घेऊन त्या खाली आल्या. दारातून त्यांना दिसलं ते असं, नवरा आणि तो न बोलणारा शेजारी एकमेकांच्या अंगावर ओरडतायत आणि ती चित्रकार बाई शांतपणे बसून बघतेय.

"अहो, किती वेळ?" त्या म्हणाल्या.

कोणी ऐकलं नाही.

"अहो, मी काय म्हणतेय."

तेवढ्यात दोघांचे हात पुन्हा वर गेले. शुभदाताईंनी पळी काखेत मारली, एका हातानं नवऱ्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं हेफेल्यांचं, आणि दोन्ही तळहात एकमेकांवर आपटले. "झालं? मिटलं? आता चला जेवायला. तुम्हीसुद्धा चला हो, आजोबा."

"कोणी हलू नका," मीरा म्हणाली.

तिघंही तसेच उभे राहिले. शुभदाताईंचं तोंड अर्धं उघडं, काखेत पळी, दोन पुरुष बावचळलेले. मीराचा हात कागदावर इतक्या वेगानं चालला की पेन्सिलीचं टोक दोनदा तुटलं. त्या रात्री हेफेले पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर जेवले. त्यांनी वरणाला सूप म्हटलं, तीन वाट्या प्यायले, आणि लोणच्याकडे बोट दाखवून ते काय असतं ते नीट विचारून घेतल्यावरच ते चाखलं.

पण दोन दिवसांनी मीरा पडलेल्या चेहऱ्यानं वर आली. तिनं नवं रेखाटन फेराइनच्या अध्यक्षबाईंना पाठवलं होतं. त्यांचा फोन आला. चित्र सुंदर आहे, पण गुरांच्या बाजारात बायका नसायच्या. त्या बाईला काढून टाका.

"बरोबरच आहे त्यांचं," मीरा शुभदाताईंना म्हणाली. "पण तुम्ही गेलात तर हे दोघं पुन्हा लाकडाचे होतील."

शुभदाताई भाजी निवडत होत्या. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "बाजार कशाला पाहिजे? घराचं अंगण करा. आणि शुक्रवार करा."

"शुक्रवार?"

"आमच्या रेवदंड्याला शेजारी एलिझाबाई चेऊलकर होत्या. बेने इस्राएल. शुक्रवारी सूर्य कलायला लागला की त्यांच्या जिवाची नुसती घालमेल. दिवे लागायच्या आत स्वयंपाक, आंघोळी, झाडलोट, सगळं संपलं पाहिजे. नंतर कामाला हात लावायचा नाही, पैशाला तर नाहीच. त्यांचे यजमान अंगणात कोळ्याशी मासळीच्या भावावरून घासाघीस करत बसायचे. मग या बाहेर येऊन दोघांनाही असं झापायच्या की कोळी मासळी ठेवूनच पळायचा."

मधुकररावांनी हे इंग्लिशमध्ये सांगितलं, तशी मीरा खुर्चीवर बसली. मराठी बोलणारे ज्यू, समुद्राकाठी, मासळीवरून भांडणारे, हे तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. ती शुभदाताईंना खोदखोदून विचारत राहिली. त्यांच्या घरी दिवा कसला असायचा, खोबरेल तेलाचा का, मग प्रार्थना कोणत्या भाषेत, गाणी कोणत्या भाषेत. शुभदाताईंना आठवेल तेवढं त्यांनी सांगितलं. एलिझाबाई पोहे, नारळ आणि फळं घालून मलिदा कसा करायच्या, तेही सांगितलं, आणि बोलता बोलता भाजी निवडायची तशीच राहिली.

संध्याकाळी मीरानं अध्यक्षबाईंना पुन्हा फोन लावला. बाजार नाही, व्यापाऱ्याचं अंगण. शुक्रवारची संध्याकाळ, खिडकीत शब्बातचे, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे तयार, आणि बायको सौदा संपवायला बाहेर आलेली. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, की शुक्रवारी व्यापारी लांबून लांबून घाईघाईनं घरी परतत हे तर खरंच आहे, आणि असं घडलंच नसेल असं त्या कशाला म्हणतील.

मग फळी आली. लिंडनचं लाकूड, फिकट, गुळगुळीत. मीरा त्यावर रेषा उतरवून कोरायला बसली की मधुकरराव एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसत. त्यांना ते बघत राहायला आवडायचं. जे पांढरं हवं ते खरवडून काढायचं आणि काळं हवं ते हात न लावता सोडायचं. चेहऱ्यावरची सुरकुती म्हणजे दोन चरांमध्ये सोडलेली लाकडाची बारीक धार. मीरा त्यांच्या मिशीपाशी आली तेव्हा ते श्वास रोखून बसले.

मिशी वाचली. पण हेफेल्यांच्या मनगटाजवळ कोरणी सटकली आणि फळीवर एक लांब चर उठला, थेट अंगणात गायीऐवजी घातलेल्या वासराच्या मानेपर्यंत. मीरा हात मांडीवर ठेवून तशीच बसली. लाकूड एकदा गेलं की परत भरता येत नाही. मधुकररावांना वाटलं आता ही रडणार. हेफेले काही कारण काढून डोकावले होते. त्यांनी चष्मा लावून ती चूक निरखली, खालून, वरून, आणि म्हणाले, "दोर."

"काय?"

"वासराला दोर नव्हता. बिनदोराचं वासरू एवढा वेळ उभं राहणार नाही. आता दोर आहे."

मीरानं फळी तिरकी करून पाहिली. मग त्या चराला पीळ दिल्यासारख्या बारीक रेघा घातल्या, आणि शेतकऱ्याच्या मुठीतून निघालेला पांढरा दोर वासराच्या गळ्याशी जाऊन पोचला.

पहिली प्रत काढायच्या दिवशी तिघांनाही बोलावणं होतं. मीरानं रुळानं शाई लावली, कागद अलगद टाकला आणि मधुकररावांच्या हातात एक लाकडी चमचा दिला. "गोल गोल घासा. घाई नको." त्यांनी घासलं, हेफेल्यांनी घासलं, शुभदाताईंनीही घासलं. मीरानं कागद कोपऱ्यातून सोलला. अंगण होतं, खिडकीत दिवे होते, दोर लावलेलं वासरू होतं. दोन पुरुष एकमेकांकडे असे बघत होते की दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटत होतं. मधोमध डोक्याला रुमाल, कमरेला एप्रन, काखेत पळी घेतलेली बाई होती, आणि चित्रातला सगळा जोर तिच्या दोन हातांत होता.

"मी एवढी जाडी दिसते?" शुभदाताईंनी विचारलं.

पुस्तकाचं प्रकाशन त्यांच्या परतीच्या आठवड्यातच होतं. रविवारी हेफेल्यांनी आपली जुनी गाडी काढली आणि मधुकरराव, शुभदाताई आणि मीरा यांना तीत बसवलं. मयुरेश, मैथिली आणि अन्वी ट्रेननं आली. ब्यूलबाख छोटंसं, उतरत्या छपरांचं. सिनेगॉग बाहेरून धान्याच्या कोठारासारखं वाटत होतं, आणि मध्यंतरी बरीच वर्षं ते तेच होतं. आत मात्र निळ्या छतावर सोनेरी चांदण्या पुन्हा रंगवल्या होत्या. भिंतींवर मीराची चित्रं चौकटीत लावली होती. मधुकररावांनी खास जोधपुरी कोट घातला होता. आपल्या चित्राच्या शेजारी, फार जवळ नाही आणि फार लांबही नाही, अशी एक जागा त्यांनी शोधली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना चेहरा नीट दिसेल असे उभे राहिले.

भाषणं झाली. अध्यक्षबाईंनी गावातून नेलेल्या माणसांची नावं वाचली. तेवढा वेळ हेफेले हॅट छातीशी धरून उभे होते. मग अध्यक्षबाईंनी केक आणि कॉफी मागे ठेवल्याचं सांगितलं आणि खुर्च्या सरकल्या.

मँचेस्टरहून नेओमी नावाच्या एक बाई आल्या होत्या. सत्तरीच्या, हातात काठी. त्यांची आई याच गावची. लहानपणी एकटीच इंग्लंडला धाडलेली, आणि तिच्या आईवडिलांना पुन्हा कधीच न भेटलेली. नेओमी एकेक चित्र बघत पुढे येत होत्या. सौद्याच्या चित्रापाशी त्या थांबल्या. मधुकररावांनी मान जरा उंचावली. नेओमींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या आणि काठी मीराच्या हातात देऊन मधल्या बाईसमोर उभ्या राहिल्या.

"माझे आजोबा गुरांचे व्यापारी होते," त्या म्हणाल्या. "आई सांगायची, शुक्रवारी त्यांना घरात आणायचं म्हणजे आजीला अंगणात जाऊन ओढून आणावं लागायचं. आजीबद्दल आईला एवढंच आठवत होतं. ती सहा वर्षांची होती. आमच्याकडे आजीचा एकही फोटो नाही."

मीरा गडबडून म्हणाली, "मला हे माहीत नव्हतं. मी कुठूनही... ही कल्पना या बाईंची आहे. चित्रातही त्याच आहेत."

नेओमींनी वळून शुभदाताईंकडे पाहिलं. नारायणपेठी साडी, त्यावर स्वेटर, हातात केकची बशी. मग चित्राकडे, मग पुन्हा शुभदाताईंकडे.

"तुम्ही?"

"मी काय, यांना जेवायला बोलवायला गेले होते," शुभदाताई आपल्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "ऐकतच नव्हते."

नेओमी हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि तरी त्या हसत राहिल्या. शुभदाताईंनी बशी नवऱ्याच्या हातात दिली आणि त्यांना धरून खुर्चीवर बसवलं, पाठीवरून हात फिरवला. कुठल्या भाषेत काय बोलल्या ते मधुकररावांना ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळानं दोघी एकाच बशीतला केक खात होत्या. नेओमींनी पर्समधून पुस्तक काढलं, ते चित्र असलेलं पान उघडलं आणि पेन पुढे केलं.

"यावर सही करा. इथं, हिच्याखाली."

"मी कशाला? चित्र मीरानं काढलंय."

"मीराची पुढच्या पानावर घेईन. इथं तुमची."

शुभदाताईंनी मीराकडे पाहिलं. मीरानं होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी पेन घेतलं आणि ठळक, गोलाकार देवनागरीत आपलं पूर्ण नाव लिहिलं. नेओमींनी ते बोट फिरवत बघितलं आणि पुस्तक जपून मिटलं. हे शेजारच्या टेबलावरच्या दोन बायकांनी पाहिलं. त्याही पुस्तक घेऊन आल्या. मग अध्यक्षबाई आल्या. त्यांच्यामागे गावचा बेकर, त्याच्यामागे आणखी चार-पाचजण. बघता बघता ओळ झाली, आणि जर्मन ओळ असल्यामुळे सरळ झाली. मैथिली सासूबाईंच्या शेजारी उभी राहून प्रत्येकाचं नाव विचारून सांगू लागली. अन्वी प्रत्येकाला "माइनं ओमा" म्हणून सांगत होती, माझी आजी.

मधुकररावांच्या हातात ती बशी, आता रिकामी, परत आली होती. ती त्यांनी खिडकीत ठेवली. एवढी वर्षं स्टेजवर उभं राहून आपल्याकडे कोणी बघावं म्हणून त्यांनी काय काय केलं होतं, आणि ही बाई नुसती पळी काखेत मारून आली आणि सगळा भाव खाऊन गेली. त्यांनी स्वतःला चाचपून पाहिलं, वाईट वाटतंय का ते. वाटत नव्हतं. उलट, पुण्याला जाऊन ही गोष्ट कधी एकदा सगळ्यांना सांगतो असं त्यांना झालं होतं. त्यांनी टेबलावरून एक पुस्तक उचललं आणि ओळीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. हेफेले त्यांच्या मागे आले. त्यांच्याही हातात पुस्तक होतं.

ओळ हळूहळू सरकत पुढे गेली. शुभदाताईंनी मान वर न करता हात पुढे केला, पुस्तक घेतलं आणि पान उघडलं.

"नाव?"

"मधुकर."

त्यांनी मान वर केली. "अहो, तुम्ही कशाला रांगेत?"

"बाकीच्यांना दिलीस, मला नको?"

शुभदाताईंनी पेनाचं टोपण दातात धरून जरा विचार केला. मग सही केली, आणि त्यावर एक ओळ जास्तीची लिहिली: 'अहो, आता जेवायला चला.' मधुकररावांनी ती वाचायला वेळ लावला, तेव्हा मागून हेफेल्यांनी त्यांच्या खांद्यावर बोट मारलं आणि पुढे सरकायला सांगितलं.